वाड्याचं लेसर स्कॅनिंग करावं की टेप पुरे?

प्रश्न : आमचा साताऱ्याजवळ जुना दुमजली वाडा आहे, मधे चौक, वर कडीपाट. दुरुस्ती काढायचीय तर आर्किटेक्ट बाई म्हणतात आधी लेसर स्कॅनिंग करून घ्या. काकांचं म्हणणं, गवंड्याने टेप लावला तरी भागतं, उगाच खर्च कशाला. यातून नक्की काय मिळतं? थ्रीडी मॉडेल आपोआप तयार होतं का? भिंतीतली ओल, वाळवी पण कळते का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : बाईंचं ऐका, आणि कडीपाटाची एक फळीसुद्धा काढायच्या आधी करून घ्या, कारण एकदा काम सुरू झालं की वाडा आधी कसा होता ते मोजायला मिळत नाही.

काकांचं म्हणणं नव्या फ्लॅटला लागू आहे, तिथे टेप पुरतो. जुन्या वाड्यात भिंती ओळंब्यात नसतात, खोल्या गुण्यात (काटकोनात) नसतात, भिंत एका टोकाला जाड दुसऱ्या टोकाला बारीक, तुळई मधे झोल खाल्लेली. टेपने लांबी-रुंदी मिळेल, पण भिंत वर जाता जाता किती कलली हे कसं काढणार? स्कॅनर तिवईवर गोल फिरतो, त्याचा आरसा उभ्या दिशेने गरगर फिरतो, आणि सेकंदाला लाखो बिंदूंचं अंतर तो घेतो. बऱ्याच मशीन लेसर भिंतीला लागून परत यायला किती वेळ लागला ते मोजतात. प्रकाश एका नॅनोसेकंदात साधारण ३० सेंमी जातो, त्यात जाणं-येणं धरलं तर वेळेत एका नॅनोसेकंदाची चूक म्हणजे भिंत १५ सेंमी सरकली! तरीही चांगली मशीन काही मिलिमीटरच्या आत उत्तर देते, मला याचं अजूनही नवल वाटतं.

काकांना पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलबद्दल सांगा. अँड्र्यू टॅलन या अमेरिकन कला-इतिहासकाराने २०१० मध्ये ते ५० पेक्षा जास्त जागांवरून स्कॅन केलं, १०० कोटींहून जास्त बिंदू घेतले. त्याला फक्त गॉथिक बांधकाम समजून घ्यायचं होतं हो, आगीचा विचारही नव्हता. २०१८ मध्ये तो वारला आणि १५ एप्रिल २०१९ ला छत आणि मनोरा जळाला, तेव्हा इमारत आधी कशी होती याची एवढी बारीक नोंद हाताशी होती. छताच्या लाकडी सांगाड्याचा २०१४ मध्ये दोन फ्रेंच आर्किटेक्टनी वेगळा सर्व्हे केला होता, लाकूड न् लाकूड बघून ड्रॉइंग काढली होती, तीही पुन्हा बांधताना कामी आली. डिसेंबर २०२४ मध्ये कॅथेड्रल परत उघडलं. म्हणजे स्कॅन हवंच, आणि माणसाने जवळ जाऊन बघणंही हवं.

मॉडेल मात्र आपोआप होत नाही, आणि इथेच लोकांची फसगत होते. स्कॅनरला समोर दिसतं तेवढंच मिळतं, खांबामागचं नाही, म्हणून ओसरी, माजघर, जिना, पोटमाळा, चौक सगळीकडे तिवई हलवावी लागते आणि मग ते सगळे स्कॅन एकमेकांना जुळवायचे. शेजारच्या दोन स्कॅनमध्ये सामायिक भाग कमी पडला तर जुळणी चुकते. हातात येतो तो नुसता बिंदूंचा ढग, त्यातलं दार कोणतं, तुळई कुठली हे माणूस बसून काढतो, खरा वेळ त्यातच जातो. आरसे झाकून ठेवा आणि अडगळ आधी हलवा, नाहीतर अडगळीच्या मागे भोकं राहतील. माणसांना घाबरायचं कारण नाही, हल्लीची बहुतेक मशीन डोळ्यांना सुरक्षित वर्गातली असतात, तरी ऑपरेटरला एकदा विचारून घ्या.

ओल आणि वाळवी? नाही. लेसर फक्त पृष्ठभाग बघतो. भिंत फुगलीय, तुळई वाकलीय हे मिलिमीटरात दाखवेल, पण का वाकली त्यासाठी जाणता सुतारच हवा, तो टोकं ठोकून बघेल, विशेषतः भिंतीत गेलेली, लाकूड बहुतेकदा तिथूनच कुजतं.

कोटेशन घेताना नुसतं थ्रीडी मॉडेल पाहिजे असं म्हणू नका. प्रत्येक मजल्याचा प्लॅन, निदान दोन सेक्शन (वाडा उभा कापल्यासारखं दाखवणारी ड्रॉइंग), चौकाच्या चारही बाजूंची एलेव्हेशन्स (भिंत समोरून कशी दिसते ती ड्रॉइंग) आणि मूळ बिंदूंचा डेटा ई५७ फॉरमॅटमध्ये (वेगवेगळ्या कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडणारी फाईल), हे लेखी घ्या. तो डेटा तुमच्याकडेच राहिला पाहिजे, उद्या आर्किटेक्ट बदलला तरी.

प्रश्न : मोबाईलमधल्या लायडारने (लेसरने अंतर मोजणाऱ्या सेन्सरने) हेच काम होत नाही का?
– सिव्हिलचा विद्यार्थी, नाशिक

उत्तर : एखाद्या खोलीचा अंदाज घ्यायला छान आहे, वापरून बघ. आयफोन प्रोमध्ये २०२० पासून तो आहे, पण पल्ला साधारण ५ मीटरचा, आणि चालत चालत खोल्या जोडत गेलास की चूक साठत जाते, लांबच्या लांब ओसरी फिरून परत आलास की सुरुवातीची भिंत तिच्या जागी बसत नाही. फर्निचर बसवायचं असेल तर चालेल, तुळईचा झोल काढायला नको. प्रोजेक्टसाठी करायचं असेल तर एकच खोली निवड, मोबाईलने स्कॅन कर, मग टेपने चारही बाजू आणि दोन्ही कर्ण मोजून फरक किती येतो ते तक्त्यात लिही.