वाचकांचे प्रश्न : यंत्राने फेकलेला तुकडा पकडायचा कसा?

प्रश्न : माझ्या मॉड्युलर सिंथेसायझरला (सुटे भाग तारांनी जोडून वाजवायचं इलेक्ट्रॉनिक वाद्य) ट्युरिंग मशीन हे आपोआप चाली काढणारं मॉड्यूल जोडून महिना झाला. दिवे लुकलुकतात, सूर निघतात, पण कानावर येतो तो नुसता गोंधळ. यातून चाल सुचावी तरी कशी?
– एक वाचक, सांगली

उत्तर : टॉम व्हिटवेल यांचं हे मॉड्यूल 2012चं, आणि त्याला सूर मुळात कळतच नाहीत. आत 16 बिटांची, म्हणजे चालू-बंद अशा घरांची, साखळी आहे. दर क्लॉकला, म्हणजे लयीच्या दर ठोक्याला, ती एक घर सरकते. शेवटचं बिट पुन्हा पहिल्या घरात येताना तसंच राहणार की पालटणार, हे मोठा नॉब ठरवतो. नॉबची जागा घड्याळाच्या काट्यासारखी वाचा : 12 वाजता छापा-काटा, 5 वाजता काहीच पालटत नाही, 7 वाजता प्रत्येक बिट पालटतं. बाहेर पडतं ते मोकाट व्होल्टेज. ते थेट ऑसिलेटरला, म्हणजे आवाज काढणाऱ्या मॉड्यूलला, दिलंत, तर गोंधळच ऐकू येणार.

मधे क्वांटायझर (व्होल्टेज जवळच्या स्वरावर आणणारं मॉड्यूल) लावा आणि त्यात पाचच स्वर ठेवा. भूपाचे घ्या : सा, रे, ग, प, ध, म्हणजे सा पासून 0, 2, 4, 7 आणि 9 अर्धस्वर. स्केलचा नॉब उतरवून आवाका साधारण 1 व्होल्टवर, म्हणजे एका सप्तकात आणा. चालीची लांबी 8 पायऱ्या ठेवा. मोठा नॉब 12 वर ठेवून ऐकत राहा. काही कानात अडकलं की लगेच 5 वर न्या. चाल बंदिस्त झाली. चारसहा फेऱ्यांनंतर 3 वर आणा, म्हणजे अधूनमधून एखादा स्वर बदलेल. खरी गंमत 7 वर आहे : आठ पायऱ्यांची चाल सोळांची होते आणि दुसऱ्या अर्ध्यात वरचं खाली, खालचं वर असं तिचं प्रतिबिंब येतं. सवाल-जवाब आयता मिळतो.

लांबी 12 करून तीनतालाच्या 16 मात्रांवर सोडलीत, तर चाल आणि सम 48 मात्रांनी, म्हणजे तीन आवर्तनांनी एकत्र येतात. मात्र या मॉड्यूलला रीसेट नाही; क्लॉक समेवरच सुरू करा.

दोन दोष हमखास येतात. स्वराच्या सुरुवातीला बारीक ‘टुक्’ आला, तर क्वांटायझर नवा स्वर ठरवण्याआधीच ट्रिगर, म्हणजे स्वर वाजवण्याचा इशारा, पोचतोय. ट्रिगरला काही मिलिसेकंदांचा उशीर द्या. विरत जाणाऱ्या स्वराची शेपटी मधेच उडी मारत असेल, तर ट्रिगर नसलेल्या क्लॉकलाही व्होल्टेज बदलतंय. त्याच ट्रिगरवर चालणारं सॅम्पल-अँड-होल्ड (पुढच्या ट्रिगरपर्यंत व्होल्टेज धरून ठेवणारं मॉड्यूल) मधे घाला.

आणि रेकॉर्डिंग आधी सुरू करा, मग नॉबला हात लावा. वीज गेली की चाल गेली.

प्रश्न : म्युटेबल इन्स्ट्रुमेंट्सच्या मार्बल्स या, तशाच आपोआप चाली काढणाऱ्या मॉड्यूलमध्ये भैरव आणि श्री आहेत म्हणे. मग राग वाजेल का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : स्वर वाजतील, राग नाही. त्यातल्या स्वरमालिकांत मेजर, मायनर, पेंटॅटॉनिक, पेलॉग (इंडोनेशियाच्या गॅमेलान संगीतातली) यांच्या सोबतीला हे दोन आहेत, हे खरं. पण श्रीच्या आरोहात गंधार-धैवत वर्ज्य आहेत, आणि आपण वर चाललोय की खाली हे यंत्राला ठाऊकच नसतं. भैरवातल्या कोमल रिषभ-धैवताचं आंदोलनही त्यात नाही.

तरीही भैरवावर ते कामाचं आहे. स्टेप्सचा नॉब 12च्या पुढे न्या : कमी वजनाचे स्वर एकेक गळत जातात आणि टोकाला फक्त षड्ज उरतो. टोकाच्या जरा अलीकडे थांबा; तिथे मोजके, ठाशीव स्वर मिळतात. देजा व्हू हा पुनरावृत्तीचा नॉब 12 वर म्हणजे चाल पक्की. त्याच्या पुढे स्वर तेच, क्रम विस्कटलेला. दहा मिनिटं रेकॉर्ड करा, त्यातला चार मात्रांचा एखादाच तुकडा उचला आणि पेटीवर बसवा. आंदोलन मात्र तुमच्या गळ्यातून येऊ द्या. यंत्राकडून मुखडा घ्यावा. विस्तार मागू नये.

प्रश्न : एवढा खर्च झेपत नाही. स्वस्तात काही?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : संगणकावर व्हीसीव्ही रॅक हे मॉड्युलर सिंथेसायझरचं सॉफ्टवेअर मोफत चालतं. त्यात ऑडिबल इन्स्ट्रुमेंट्सचं ‘रँडम सॅम्पलर’ शोधा. ते मार्बल्सच आहे, नॉबही तेच. महिनाभर त्यावर हात बसवा, मग खरेदीचं बघा.