वाचकांचे प्रश्न : जिवाणू आणि उधारी एकाच वहीत

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी सांगली जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात बायोटेक्नॉलॉजी शिकवते. आमची मुलं एम.एस्सी. होतात आणि मग एकतर पुण्याला जाऊन एमबीए करतात, नाहीतर भलत्याच क्षेत्रात शिरतात. म्हणून बायोटेक आणि बिझनेस मॅनेजमेंट दोन्ही शिकवणारा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू करायचं आम्ही ठरवतोय. आराखडा असा आहे : पहिली दोन सत्रं बायोटेक, पुढची दोन मॅनेजमेंट. मॅनेजमेंटचे पेपर आमच्याच संस्थेचा वाणिज्य विभाग घेईल. समितीत यावर एकमत होत नाहीये. तुमची हयात कारखान्यात गेली. तुम्हाला काय वाटतं?
– एक प्राध्यापिका

उत्तर : तुमचं पत्र वाचून खरंच बरं वाटलं. तालुक्याच्या गावात कोणीतरी हा विचार करतंय, हेच मोठं आहे. पण आराखडा बदला, अशी माझी कळकळीची विनंती आहे. एक वर्ष हे आणि एक वर्ष ते असं केलंत, तर दोन अर्धे अभ्यासक्रम होतील. एक पूर्ण होणार नाही.

असं का म्हणते, ते सांगते. नोकरीला लागून मला जेमतेम दीड वर्ष झालं होतं. ठाणे-बेलापूर पट्ट्यातला अँटिबायोटिकचा कारखाना. सकाळी सातच्या पाळीला आले, तर एका मोठ्या फर्मेंटरची (बुरशी वाढवायच्या टाकीची) रात्रीची लॉगशीट समोर ठेवलेली. पीएच पहाटेपासून उतरत चाललेला. सॅम्पल काढलं, तर वासात किंचित आंबटपणा. सूक्ष्मदर्शकाखाली आमच्या बुरशीच्या लांब धाग्यांमधून आखूड दांडीसारखे जिवाणू सुळसुळ पळत होते. कंटॅमिनेशन लागलं होतं, म्हणजे बाहेरचा जंतू शिरला होता, यात शंका नव्हती. तरी मी म्हटलं, प्लेटवर जंतू वाढवून बघायच्या तपासणीचा निकाल येऊ दे, मग ठरवू. प्रॉडक्शनच्या साहेबांनी एवढंच विचारलं, "या बॅचवर आतापर्यंत किती खर्च झालाय? आणखी एक दिवस चालवली तर हवेचा, विजेचा, वाफेचा किती वाढेल? मागची बॅच सीडमध्ये (बियाणं वाढवायच्या छोट्या टाकीत) तयार आहे, ती किती तास थांबू शकते?" मला त्यातलं एकही उत्तर देता आलं नाही. दुसऱ्या दिवशी प्लेटवर व्हायचं तेच दिसलं. बॅच वाफेने मारून ईटीपीला, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेला सोडावी लागली, आणि तोवर सीडमधली दुसरी बॅचही वय उलटून वाया गेली. जिवाणू मी पहिल्या दहा मिनिटांत ओळखला होता. निर्णय घ्यायला मात्र मला कोणी शिकवलंच नव्हतं.

तो निर्णय बायोटेकचा होता की मॅनेजमेंटचा? तुम्हीच सांगा. तो दोन्हींचा होता, आणि एकाच माणसाने एकाच टेबलाशी बसून घ्यायचा होता. मुलीने पहिल्या वर्षी फर्मेंटेशन शिकून परीक्षा दिली आणि कॉस्टिंग पुढच्या वर्षी दुसऱ्या इमारतीत, साबणाच्या कारखान्याचं उदाहरण घेऊन शिकली, तर त्या सकाळी तिचीही माझ्यासारखीच गत होईल.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या क्लेअरमाँटला केक ग्रॅज्युएट इन्स्टिट्यूट नावाची संस्था १९९७ मध्ये निघाली, ती नेमक्या याच कामासाठी. तिथे प्रबंधाऐवजी मुलांचा गट एखाद्या कंपनीचा खराखुरा प्रश्न घेऊन वर्षभर त्यावर काम करतो. त्यांच्याकडे पैसा होता, आपल्याकडे नाही. पण प्रश्न कंपनीचा आणि उत्तर मुलांचं, हे धरून चालायला पैसा लागत नाही. राज्यात नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे पदव्युत्तर पहिल्या वर्षाला ओजेटीची (प्रत्यक्ष कामावरच्या प्रशिक्षणाची) ४ क्रेडिट आलीच आहेत. बहुतेक ठिकाणी त्या तासांचं एक प्रमाणपत्र होतं आणि फाइलला लागतं. तुम्ही ते तास मन लावून वापरा.

वर्गात पहिल्याच आठवड्यात शिकवावं असं उदाहरण पुण्याचंच आहे. आफ्रिकेत सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या पट्ट्यात मेंदूज्वराच्या साथी येत. १९९६-९७ च्या साथीत अडीच लाखांवर रुग्ण झाले आणि सुमारे २५ हजार माणसं गेली. लस करायची ठरली, तेव्हा तिथल्या आरोग्य अधिकाऱ्यांनी आधी किंमत सांगितली : एका डोसला ५० सेंटपेक्षा कमी, नाहीतर आमच्या सरकारांना परवडणार नाही. मग त्या किमतीत बसेल असं विज्ञान जुळवलं गेलं. पॉलिसॅकराइड (जंतूच्या आवरणातली साखर) अ‍ॅमस्टरडॅमच्या कंपनीचं, ती टिटॅनस टॉक्सॉइड या प्रथिनाला जोडण्याची पद्धत अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेच्या शास्त्रज्ञांची, आणि ते टॉक्सॉइड व उत्पादन पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटचं. डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोत ती लस द्यायला सुरुवात झाली. पुढे २०१२ मध्ये ४० अंशांपर्यंतच्या तापमानात चार दिवस शीतपेटीविना ठेवायला मान्यता मिळाली, तेव्हा दूरच्या गावी बर्फ पोहोचवायचा त्रासही वाचला. किंमत, रसायन, बर्फ, माणसं सगळं एकाच गणितात. हे गणित मुलांकडून फळ्यावर सोडवून घ्या. ५० सेंटचे भाग पाडायला सांगा : कुपीला किती, भरण्याला किती, तपासणीला किती, वाया जाणाऱ्या डोसला किती. दोन तास कसे जातील, कळणारही नाही.

आता तुमच्या गावचं. लस तुमच्या आवाक्यात नाही, पण जिवाणू खत आहे. नत्र देणारे रायझोबियम आणि अ‍ॅझोटोबॅक्टर, स्फुरद विरघळवणारे पीएसबी हे सगळं तुमच्या प्रयोगशाळेत वाढतंच असेल. महाविद्यालयाचं छोटं युनिट काढा. विक्री करायची तर ही खतं खत नियंत्रण आदेशाखाली येतात, म्हणून कृषी विभागाचा रीतसर परवाना काढा, आणि त्याचे कागद मुलांनाच भरू द्या. रेग्युलेटरीचा याहून चांगला पेपर नाही.

मग मे महिन्यात मुलांना कृषी सेवा केंद्रात पाठवा. मी एका महाविद्यालयातल्या मुलांबरोबर स्वतः गेले होते. पाकिटं सगळ्यात वरच्या फळीवर, पत्र्याला लागून. हाताला अक्षरशः गरम लागत होती. नियमाप्रमाणे पावडरच्या एका ग्रॅममध्ये निदान ५ कोटी जिवंत पेशी पाहिजेत. मुलांनी चार पाकिटं विकत आणून प्लेटिंग केलं. खालच्या फळीवरच्या पाकिटाच्या प्लेटवर वसाहती मोजता मोजता पेन थकलं, आणि वरच्या फळीवरच्या प्लेटवर तेवढंच पातळ करूनही तुरळक ठिपके. मुलं दुकानदाराकडे परत गेली, तर ते म्हणाले, "खालची फळी औषधांची. त्याच्यात मार्जिन आहे. तुमच्या पाकिटाचे पैसे मला हंगामानंतर येतात, शेतकरी उधारीवर नेतो." झालं! जिवाणू का मेले याचं उत्तर शेवटी उधारीत निघालं. त्यातल्या एका मुलीने मग असा हिशोब मांडला की दुकानदाराला दोन रुपये जास्त सोडले आणि हंगामाच्या तोंडावरच माल दिला, तर परत येणारा माल कमी होऊन ते दोन रुपये भरून निघतात. मॅनेजमेंटचं पाठ्यपुस्तक तिने तोवर उघडलेलंही नव्हतं.

शिकवायला कोण, हा तुमचा खरा प्रश्न असणार. वाणिज्य विभागाचे प्राध्यापक घ्याच, पण त्यांना एकटं सोडू नका. प्रत्येक मॅनेजमेंट पेपरला बायोटेकचा एक शिक्षक त्याच वर्गात उभा राहू दे. कॉस्टिंगला जवळच्या साखर कारखान्यातले कॉस्ट अकाउंटंट बोलवा. डिस्टिलरीचं फर्मेंटेशन त्यांना रुपयांत पाठ असतं. औषध कंपनीच्या क्यूए, म्हणजे गुणवत्ता हमी विभागातून निवृत्त झालेलं कोणी सापडलं तर हात जोडून आणा आणि बीएमआर (प्रत्येक बॅचची उत्पादन नोंद) भरायला शिकवायला लावा. पेटंटच्या पेपरात कायद्याची कलमं पाठ करून घेण्यापेक्षा तुमच्याच हळदीच्या रानातला एखादा जिवाणू घ्या. निसर्गात सापडलेल्या जिवाणूचं नुसतं पेटंट मिळत नाही, पण त्यावर आधारलेल्या शोधाचं करायचं तर तो मान्य संस्थेत जमा करावा लागतो, तशी सोय पुण्यात एनसीएमआर या जिवाणू-संग्रहाला आहे. शिवाय जैवविविधता कायद्यामुळे चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाशी गाठ पडते. हे सगळं एका जिवाणूच्या पाठोपाठ चालत गेलं की डोक्यात राहतं.

नावाचं एक सांभाळा. पदवीला एमबीए म्हणालात तर एआयसीटीई या तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता लागेल. एम.एस्सी.च ठेवा आणि अभ्यास मंडळाकडून पेपर मंजूर करून घ्या. पहिल्या वर्षी १२ मुलं घ्या. जास्त नकोत.

प्रश्न : मुलगी बी.एस्सी. बायोटेक झाली. लगेच एमबीए करावं की आधी एम.एस्सी.? आमचं घरात एकमत होत नाही.
– एक पालक, नाशिक

उत्तर : आधी दोन वर्षं नोकरी करू द्या. क्यूसीत (गुणवत्ता तपासणी विभागात) लागली तरी चालेल, पगार कमी असेल तरी चालेल. ऑडिटच्या आदल्या रात्री विभागात काय धावपळ असते, ते तिने पाहिलं की पुढे काय शिकायचं हे तीच तुम्हाला सांगेल. आणि भाऊ, हा निर्णय तिचा आहे. तुम्ही दोघांनी वाद घालण्याऐवजी तिला विचारलंत का? पत्रात तिचं मत कुठेच दिसलं नाही.

प्रश्न : मला स्वतःचं बायोटेक स्टार्टअप काढायचंय. असा जोड-अभ्यासक्रम केला तर उपयोग होईल का?
– एक विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : होईल, पण त्यासाठी थांबून राहू नकोस. केंद्र सरकारच्या बायरॅक या बायोटेक उद्योगांना मदत करणाऱ्या संस्थेची बिग योजना ५० लाखांपर्यंत अनुदान देते, तेही कल्पना सिद्ध करून दाखवण्याच्या टप्प्यावर. पुण्यात एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) या संस्थेच्या आवारातलं व्हेंचर सेंटर बायोटेकच्या नवउद्योजकांना प्रयोगशाळा आणि सल्ला देतं. तिथे जाण्याआधी एक काम कर. तुझी वस्तू ज्याने विकत घ्यावी असं तुला वाटतं, अशा दहा माणसांना प्रत्यक्ष भेट आणि ती आज त्याऐवजी काय वापरतात, त्याला किती पैसे मोजतात, ते वहीत लिही. मग ती वही घेऊन मला पत्र टाक. मी वाट बघते.