सिंगापूरची क्रांजी युद्ध दफनभूमी मुद्दाम जाऊन बघण्यासारखी आहे का? तिथे आपले सैनिक सापडतात का?

तुम्ही विचारलंय की सिंगापूरच्या छोट्या सहलीत क्रांजीसाठी अर्धा दिवस काढावा का आणि तिथे भारतीय सैनिकांची काही खूण आहे का. काढाच. आपले लोक तिथे हजारोंनी आहेत, फक्त फाटकातून शिरल्यावर जिथे नजर जाते तिथे ते फारसे दिसत नाहीत.

आत गेलं की समोर हिरव्या चढावर पांढऱ्या दगडांच्या रांगाच रांगा दिसतात. या दफनभूमीत ४,४६१ सैनिकांची नोंद आहे आणि त्यातल्या साडेआठशेहून जास्त जणांची ओळख कधीच पटली नाही. एखाद्या दगडापाशी थांबून नीट वाचा: वर रेजिमेंटचं चिन्ह, मग क्रमांक, हुद्दा, नाव, मृत्यूची तारीख, वय, आणि अगदी खाली घरच्यांनी निवडलेली एखादी ओळ. कर्नल असो वा साधा शिपाई, दगडाचा आकार एकच. ओळख न पटलेल्यांच्या दगडावर नावाच्या जागी ‘दुसऱ्या महायुद्धातला एक सैनिक’ अशा अर्थाचा मजकूर असतो. वयं वाचत गेलात तर वीस, बावीस, एकवीस... पुढे वाचवत नाही. पण नावं बहुतेक ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन. बरेच पर्यटक इथेच फोटो काढून परत फिरतात आणि ‘आपलं कुणी नाही’ असं समजतात.

खरं तर डिसेंबर १९४१ पासून मलायात (आजच्या मलेशियाच्या द्वीपकल्पात) जपान्यांपुढे जी माघारीची लढाई झाली, तिच्यात भारतीय पलटणी मोठ्या संख्येने होत्या. १५ फेब्रुवारी १९४२ ला ब्रिटिशांनी शरणागती पत्करली, सिंगापूर जपान्यांच्या हाती पडलं आणि हजारो भारतीय कैद झाले. पुढे कुणी छावण्यांत मेले, कुणी दुसरीकडे नेताना बोटीतच. कित्येकांचे देह सापडलेच नाहीत. ज्यांचे सापडले त्यांतल्या हिंदू-शिखांचं दहन झालं, मग थडगं कुठून असणार? म्हणून चढून थेट टेकडीच्या माथ्यावर जा. विमानाच्या पंखासारखं छप्पर असलेलं सिंगापूर स्मारक तिथे आहे, १९५७ मध्ये उघडलेलं. त्याच्या खांबांवर थडगं नसलेल्या २४,००० हून अधिक जणांची नावं कोरलेली आहेत, रेजिमेंटनुसार आणि त्यात हुद्द्यानुसार. आपली नावं इथे आहेत, भिंतभर. त्याच्या मागच्या बाजूला दहन झालेल्या जवळजवळ आठशे जणांसाठी वेगळं स्मारक आहे. ते बरेच जण बघतच नाहीत, तुम्ही बघा.

घरातलं किंवा गावातलं कुणी शोधायचं असेल तर तयारी इथूनच करून जा. अशा दफनभूमी सांभाळणाऱ्या ‘कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन’च्या संकेतस्थळावर नाव टाकून शोधता येतं आणि कुठल्या खांबावर कोरलंय तेही कळतं. अडचण स्पेलिंगची. कारकुनाच्या कानाला जसं ऐकू आलं तसं त्याने इंग्रजीत लिहिलेलं, त्यामुळे एकच नाव चार प्रकारे टाकून बघावं लागतं. आडनावावर फार भिस्त ठेवू नका. कित्येक शिपायांची नोंद नुसत्या पहिल्या नावाने आहे. मात्र काही नोंदींत वडिलांचं नाव, गाव आणि जिल्हा असतो. नेमका माणूस पटवायला तोच उपयोगी पडतो. खांबाचा क्रमांक टिपून न्या, नाहीतर त्या नावांच्या जंगलात मान दुखेपर्यंत शोधत बसाल.

प्रवेश मोफत आहे. क्रांजी एमआरटी (तिथली मेट्रो) स्टेशनवरून चालत जाता येतं, पण विषुववृत्त हाकेच्या अंतरावर आहे हे विसरू नका. भर दुपारी पांढरा दगड डोळ्यांत खुपतो आणि चढावर सावली फारच थोडी. सकाळी लवकर जा. दुपारनंतर विजांसह पाऊस कोसळणं तिथे नेहमीचंच. ढग गडगडायला लागले तर उघड्या चढावर रेंगाळू नका. दगडांच्या पायाशी ओळीने झुडपं लावलेली दिसतील. ती शोभेला तर आहेतच, शिवाय पावसाने उडणारा चिखल अक्षरांवर येऊ नये हाही हेतू. त्या दमट हवेत दगडावर शेवाळ धरायला वेळ लागत नाही, त्यामुळे ही ठेवण वर्षभर टिकवणाऱ्या माळ्यांचं मला फार कौतुक वाटतं. हिरवळीवरून चालायला हरकत नाही, झुडपं तेवढी तुडवू नका.

आणखी एक. क्रांजीचं स्मारक राष्ट्रकुलाच्या, म्हणजे ब्रिटनच्या बाजूने लढलेल्या फौजांचं आहे. त्याच शरणागतीनंतर जे आझाद हिंद सेनेत गेले त्यांच्या स्मारकाची कोनशिला नेताजींनी ८ जुलै १९४५ ला शहरात एस्प्लनेडजवळ बसवली होती. परत आलेल्या ब्रिटिशांनी ते स्मारक पाडलं. त्या जागी १९९५ पासून एक फलक आहे, सिटी हॉल स्टेशनवरून चालत जाण्याइतका जवळ. सकाळी क्रांजी केलंत तर संध्याकाळी तिथे सहज जाऊन येता येईल.