४ बाय ६ फुटांचं न्हाणीघर

प्रश्न : जळगावला आमचं न्हाणीघर ४ बाय ६ फुटांचं आहे. पाण्याचा ड्रमही आतच. जागा मोकळी कशी वाटेल?

उत्तर : आधी ड्रम हलवा. २०० लिटरचा ड्रम जवळपास दोन फूट रुंदी खातो. गच्चीवर टाकी बसवून नळ घ्या. दार आत उघडत असेल तर बाहेर उघडणारं करा. नुसत्या बिजागऱ्या बदलून भागत नाही, चौकटीची खाचही दुसऱ्या बाजूला घ्यावी लागते. भिंतींना छतापर्यंत फिकट टाइल, सांध्यांत त्याच रंगाचं ग्राउट. गडद, चकचकीत टाइल नकोच. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग तिच्यावर उठून दिसतात. साबणासाठी ९ इंची भिंतीत ४ इंच खोल कोनाडा काढा. साडेचार इंची भिंत मात्र फोडू नका.