ओस्मित्सा आणि आपला आठवडा

प्रश्न असा आला आहे: 'इटलीत त्रिएस्ते शहराच्या बाहेर, पठारावरच्या खेड्यांत शेतकऱ्यांच्या अंगणात बसून निवांत खाण्यापिण्याच्या जागा आहेत. त्यांना ओस्मिझा म्हणतात. हा 'ऑस्तेरिया' म्हणजे इटालियन खानावळ, त्याच शब्दाचा बोलीतला अपभ्रंश आहे का? आणि मराठीत लिहिताना त्याला फार्म-टू-टेबल रेस्तराँ म्हटलं तर चालेल का?'

पहिल्याचं उत्तर, नाही. दुसऱ्याचंही नाही, आणि ते जरा जोरात.

प्रवासाचे व्हिडिओ करणाऱ्यांनी हा 'ओस्मिझा' कानावर आदळून आदळून रूढ केलाय. स्पेलिंगमध्ये झेड दिसला की 'झ' म्हणायचं, एवढंच त्यांचं इटालियन. अहो, इटालियनमध्ये तोच झेड 'पिझ्झा'त 'त्स' होतो, आपण तिथेही हट्टाने झ म्हणतो. या पठारावर तर पुरावा रस्त्याच्या पाटीवरच लिहिलेला असतो. पाट्या दोन भाषांत, कारण इथली खेडी मुख्यतः स्लोव्हेन, म्हणजे शेजारच्या स्लोव्हेनियाची भाषा, बोलणाऱ्यांची. सामातोर्त्सा नावाचं गाव आहे. इटालियन पाटीवर त्याच्या शेवटच्या अक्षरात झेड, स्लोव्हेन पाटीवर त्याच जागी सी. उच्चार एकच, 'त्स'. आपल्या 'ओस्मित्सा'चंही तसंच. हा 'त्स' म्हणजे मराठीतला चाक, चोर, चमच्यातला च. हिंदीवाल्यांची इथे अडचण होते, आपली व्हायचं काही कारण नाही.

आता ऑस्तेरिया. तो शब्द 'ओस्ते' म्हणजे खानावळवाला यावरून आला, आणि ओस्ते लॅटिन 'होस्पेस'वरून. होस्पेसच्या शेपटीत संस्कृतातल्या 'पति'चा भाऊ बसलेला आहे, आणि हॉटेल, हॉस्पिटल, पोर्तुगिजांनी दिलेलं आपलं इस्पितळ, सगळी त्याच कुळातली. पण आज तो विषय नाही. ओस्मित्साचा त्या कुळाशी संबंध सुरुवातीच्या 'ओस्'पुरता, म्हणजे योगायोगाचा.

ओस्मित्सा शब्द स्लोव्हेन आहे. 'ओसेम' म्हणजे आठ, त्याला 'इत्सा' प्रत्यय. शब्दशः 'आठी'. पत्त्यातल्या अठ्ठीलाही स्लोव्हेनमध्ये ओस्मित्साच म्हणतात. ओसेम, रशियन वोसेम, संस्कृत अष्ट, मराठी आठ, ही एकाच घरातली भावंडं. लॅटिन ओक्तो आणि इटालियन ओत्तो चुलत घरातली. चुलत अशासाठी की मूळ भाषेतल्या ज्या व्यंजनाचा लॅटिनमध्ये क झाला, त्याचा स्लाव्ह आणि भारतीय शाखेत स-श-ष झाला. त्रिएस्तेच्या एकाच बाकावर बसलेले दोघे शेजारी आठ अंडी मागताना एक 'ओत्तो' म्हणतो, दुसरा 'ओसेम', आणि कुळाच्या हिशेबात आपण दुसऱ्याच्या बाजूचे.

आठ कशाचे? दिवसांचे. शेतकऱ्याने स्वतःच्या द्राक्षांची वाइन आणि घरचं खाणं स्वतःच्या दारात कर न भरता आठ दिवस विकावं, अशी ही मुभा. हा मुलूख तेव्हा ऑस्ट्रियाच्या राज्यात होता, आणि पर्यटन-पुस्तिका इथे डोळे मिटून लिहितात की तिथल्या सम्राट दुसऱ्या योसेफने 1784 च्या हुकमात 'आठ दिवस' दिले. या मंडळींनी हुकूम वाचलेला नाही. 17 ऑगस्ट 1784 च्या ज्या हुकमाचा दाखला ऑस्ट्रियात आजही देतात त्यात म्हटलंय की स्वतः पिकवलेलं खाणं, वाइन आणि फळांचा रस 'वर्षाच्या कोणत्याही काळी', हवा तेव्हा, हव्या त्या भावाने विकावा. त्यात आठचा आकडा नाही. याहून मोठी गंमत करतात ते लोक जे प्रथा थेट हजार-बाराशे वर्षांमागच्या फ्रँक सम्राट शार्लमेनपर्यंत नेतात. त्याच्या जहागिरींच्या नियमावलीत द्राक्षमळेवाल्यांनी 'द्राक्षांच्या माळा, तीन-चारपेक्षा कमी नाहीत' इतक्या ठेवाव्यात असं एक वाक्य आहे. ते द्राक्षं टांगून टिकवण्याबद्दल असावं. त्यातून 'इथे वाइन मिळते' अशी दारावर टांगलेली खूण काढायची म्हणजे भोपळ्याच्या वेलावर कलिंगड शोधण्यासारखं आहे.

मग आठ आले कुठून? माझं म्हणणं असं की हे आठ दिवस म्हणजे सरळसरळ एक आठवडा. राज्यकारभार जर्मनमध्ये चाले, आणि जर्मन माणूस 'आठ दिवसांत' म्हणतो तेव्हा त्याला आठवडाच सांगायचा असतो. त्याचंच स्लोव्हेन 'आठी' झालं. हा माझा तर्क आहे, पण त्याच्या मागे अख्खा युरोप उभा आहे आणि महाराष्ट्रही.

सोमवारी कोणी म्हणालं, 'आठ दिवसांनी या', तर आपण आठ दिवस मोजून पुढच्या मंगळवारी जाऊन उभे राहत नाही, पुढच्या सोमवारीच जातो. कारण आजचा सोमवारही मोजलेला असतो. दोन्ही टोकं धरून मोजायची ही जुनी पद्धत. दर थोड्या दिवसांनी 'आठवड्यात दिवस सातच, मग मराठी शब्द चुकीचा, सप्ताह म्हणा' असा ढकलसंदेश फिरतो, त्याने मी वैतागलो आहे. फ्रेंच माणूस आठवड्याला 'आठ दिवस' आणि पंधरवड्याला 'पंधरा दिवस' म्हणतो, अगदी आपल्यासारखा. इटालियनही दोन आठवड्यांना पंधरा दिवसच म्हणतो. हिशेब फसतो तो जर्मनांचा: आठवड्याचे आठ दिवस, पण दोन आठवड्यांचे चौदा. एक टोक मोजायचं की दोन, ते एकदा ठरवा की. रोमनांनी तर आपल्यावर कडी केली. त्यांचा बाजार दर आठ दिवसांनी भरे आणि त्याला ते 'नुन्दिने' म्हणत, म्हणजे नऊ-दिवसी. 'नोव्हेम' आपला नव, आणि 'दिएस' आपल्या दिवसाच्या घरातला. सात दिवसांनी भरणाऱ्याला आपण आठवडी बाजार म्हणतो, आठ दिवसांनी भरणाऱ्याला रोमन नववडी म्हणत होते. 'आठवडा'तला 'वडा' कुठला, यावर कोणी वाडा सुचवतं. मला तो वारच वाटतो, हिंदीतला 'अठवारा' बघा.

ऑस्ट्रियातलं भावंड 'हॉयरिगर'. 'हॉयर' म्हणजे यंदा. एका शब्दात 'यंदा' म्हणणं सगळ्याच भाषांना जमत नाही. इंग्रजी-इटालियनला दोन शब्द लागतात. हॉयरिगर म्हणजे यंदाची वाइन, आणि तिच्यावरून ती विकणारी जागाही. हे 'यंदा'पण पुढच्या वर्षीच्या 11 नोव्हेंबरला, सेंट मार्टिनच्या दिवशी संपतं. मग तीच वाइन जुनी. जर्मनीतली 'श्ट्राउसव्हिर्टशाफ्ट' कायद्याने बांधलेली: साधारणपणे वर्षात जास्तीत जास्त 4 महिने, जास्तीत जास्त 40 आसनं.

तर ही जागा चालते कशी, ते कळल्याशिवाय नाव ठेवता येत नाही. चुनखडीचं पठार, इटालियनमध्ये कार्सो, जर्मनमध्ये कार्स्ट. भूगोलात विरघळलेल्या चुनखडीच्या भूरूपांना कार्स्ट म्हणतात ते याच्यावरूनच. फसफसत्या प्रोसेक्को वाइनला नाव देणारं प्रोसेक्को गावही इथलंच. सगळी घरं एकदम उघडी नसतात. ठरावीक दिवस हे घर, मग ते. आता मुदत आठ दिवसांहून लांब असते आणि एकच घर वर्षातून अनेकदा उघडतं, पण पाळी चुकत नाही. म्हणून आधी त्या दिवसांचं वेळापत्रक बघायचं. मग रस्त्याच्या तिठ्यावर लाल रंगाचा लाकडी बाण आणि त्याला बांधलेली आयव्ही वेलीची हिरवी जुडी शोधायची. जुडीला इटालियनमध्ये 'फ्रास्का' म्हणतात. जुडी आहे तर घर उघडं. नसेल तर गेल्या महिन्यात तिथे जेवलेल्या मित्राच्या सांगण्याला अर्थ नाही.

आत गेल्यावर टेबलाशी बसून कोणी विचारायला येण्याची वाट बघू नका. बहुतेक ठिकाणी खिडकीशी जाऊन मागायचं आणि ट्रे स्वतः आणायचा. चूल पेटत नाही, म्हणून पास्ता नाही, सूप नाही. मिळतं ते थंड: वाळवलेल्या मांडीचं हॅम, सलामी, पान्चेत्ता म्हणजे डुकराच्या पोटाकडचं खारवलेलं मांस, डुकराच्या कमरेचं 'ओम्बोलो', शिजवलेलं हॅम आणि त्यावर किसलेलं हॉर्सरॅडिशचं झणझणीत मूळ, चीज, कडक उकडलेली अंडी, व्हिनेगरातल्या काकड्या, पाव. शाकाहारी माणूस अंडी खात असेल तर त्याचं छान भागतं; नसेल तर चीज, पाव आणि काकडी. वाइन पाव लिटर, अर्धा लिटर किंवा एक लिटरच्या सुरईतून. लाल हवी तर 'तेर्रानो'. लोहयुक्त तांबड्या मातीतली, चांगलीच आंबट, नुसती पिऊन तोंड वाकडं करणारे बरेच. ती हॅमच्या चरबीबरोबर प्यायची असते. आंबटपणा चरबी कापतो. पांढरीत वितोव्स्का आणि माल्वाझिया. घरचा माल संपला की दुकान बंद, म्हणून मुदतीच्या शेवटच्या संध्याकाळी गेलात तर अंडी उरलेली असतील आणि हॅम नसेल. गाडी चालवणाऱ्याला इटलीत रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा लिटरला 0.5 ग्रॅम आहे, तेव्हा एकाने पाण्यावर राहायचं.

यात रेस्तराँ कुठे आलं? आणि 'फार्म-टू-टेबल' तर त्याहून खोटं, शेतमाल टेबलाकडे जात नाही, टेबलच शेतात आलंय. परिभाषेची हौस असलेले 'कृषी-उपाहारगृह' सुचवतील. त्यात चहा आणि सरकारी फलक दिसतो. खानावळ म्हणावं तर तिथे चूल असते, गुत्ता म्हणावं तर लेकराबाळांना घेऊन जाता येणार नाही. 'आठवडी' हाच शब्द नाम म्हणून वापरावा. बाजार आठवडी असू शकतो, तर 'पठारावरची आठवडी' का नको?

नाहीच पटलं तर मूळ शब्द ठेवा, पण 'ओस्मिचा' असा लिहू नका. उच्चार बरोबर असला तरी वाचणारा 'ओस्मीचा काय?' म्हणून पुढचं नाम शोधत बसेल, कारण आपला षष्ठीचा 'चा'ही नेमका तोच च. 'ओस्मित्सा' लिहा आणि स्लोव्हेनप्रमाणे स्त्रीलिंगी ठेवा: ती ओस्मित्सा, त्या ओस्मित्सा, आम्ही ओस्मित्सेत बसलो. शाळा चालते तशी चालवा.