ई-२० पेट्रोलमुळे २०१४ सालच्या मोटारीचे इंजिन खराब होईल का?

आपली मोटार २०१४ सालची, पेट्रोलवर चालणारी, सत्तर हजार किलोमीटर झालेली आहे. पंपावर आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेलेच पेट्रोल मिळते, त्याने इंजिन लवकर निकामी होईल का आणि त्यावर उपाय म्हणून विकली जाणारी औषधाची बाटली टाकीत ओतावी का, असे आपण विचारले आहे. मी मिरजेला तंत्रनिकेतनात ऑटोमोबाइल विषय शिकवत असे आणि निवृत्तीनंतर भाच्याच्या गॅरेजमध्ये दिवसाचे चार तास तरी बसतो, त्यामुळे पुस्तकातले आणि बाकावर खोलून ठेवलेले, असे दोन्ही पाहून हे उत्तर लिहीत आहे.

आपले इंजिन या पेट्रोलने बसणार नाही. ॲव्हरेज मात्र निश्चित उतरेल, आणि ज्याची काळजी घ्यायची ते सिलिंडर-पिस्टन नसून टाकीपासून इंजेक्टरपर्यंतचा, म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या तोटीपर्यंतचा, पेट्रोलचा रस्ता आहे.

आधी ॲव्हरेजचे पाहू. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलच्या मानाने सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, म्हणून वीस टक्के मिश्रणात साधारण साडेसहा टक्के ऊर्जा आपण भरतानाच कमी घेतो. नीती आयोगाच्या २०२१ सालच्या आराखड्यातही, शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि दहा टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या चारचाकींचे ॲव्हरेज सहा ते सात टक्क्यांनी घटेल, असेच म्हटले होते. आपली गाडी लिटरला १६ किलोमीटर देत असेल आणि वर्षाला १२,००० किलोमीटर चालत असेल, तर ७५० लिटरच्या जागी सुमारे ८०० लिटर लागेल. लिटरला १०५ रुपये धरले तरी हा वर्षाचा पाच हजारांचा खड्डा झाला. पूर्वीपासून आपण दहा टक्क्यांचे पेट्रोल भरत होता, त्यामुळे त्यातला निम्मा खड्डा आपल्या अंगवळणी पडलेला आहे, एवढाच काय तो दिलासा. ब्राझीलचे उदाहरण हल्ली सगळेच देतात. तिथे २०१५ पासून २७ टक्के आणि ऑगस्ट २०२५ पासून ३० टक्के मिश्रण आहे, हे खरे. परंतु तिथल्या गाड्या त्यासाठीच घडवलेल्या असतात आणि पंपावर नुसते इथेनॉलही वेगळ्या दराने मिळते, त्यामुळे त्याचा दर पेट्रोलच्या सत्तर टक्क्यांच्या खाली आला की ते भरायचे, असा हिशेब तिथला सामान्य चालक करतो. आपल्याकडे असा हिशेब करायला जागाच ठेवलेली नाही, आणि माझी तक्रार असलीच तर ती इथेनॉलबद्दल नाही, याबद्दल आहे.

आता इंजिनाचे. पेट्रोलच्या एका भागाला जाळायला हवेचे सुमारे १४.७ भाग लागतात, इथेनॉलला नऊच लागतात, कारण त्याच्या रेणूत प्राणवायू आधीच असतो. म्हणजे पूर्वीइतकेच इंधन सोडले तर मिश्रण पातळ होते. आपल्या २०१४ सालच्या गाडीत धुराड्याच्या नळीवर ऑक्सिजन सेन्सर आहे. तो हे ओळखतो आणि संगणक इंजेक्टरला क्षणभर जास्त उघडे ठेवून मेळ बसवतो. कार्ब्युरेटरच्या, म्हणजे हवा आणि पेट्रोल संगणकाविना मिसळणाऱ्या जुन्या यंत्राच्या, गाडीत हे सांगणारे कोणी नसते, म्हणून जुन्या दुचाक्या थंडीत सकाळी कुरकुरतात. उलट इथेनॉलचा ऑक्टेन, म्हणजे ठोके न मारता जळण्याचा गुण, पेट्रोलपेक्षा बराच जास्त असल्यामुळे घाटात टॉप गिअरमध्ये रेटताना येणारी ठकठक कमीच होते.

खरी गोम रबरात आहे. इथेनॉल काही प्रकारच्या जुन्या रबरात शिरते, ते फुगवते आणि काही काळाने ते कडक होऊन चिरते. शिवाय ते हवेतली ओल ओढून घेते आणि टाकीच्या पत्र्याला, जस्त-ॲल्युमिनियमच्या भागांना गंज चढायला निमित्त होते. वीस टक्के मिश्रणाला टिकतील अशा सामग्रीच्या गाड्या आपल्याकडे एप्रिल २०२३ पासून येऊ लागल्या. त्याआधीच्या गाड्यांचे काही रबरी भाग आणि गॅस्केट २० ते ३० हजार किलोमीटरनंतर बदलावे लागू शकतात, असे पेट्रोलियम मंत्रालयानेही ऑगस्ट २०२५ मध्ये मान्य केले. गेल्या पावसाळ्यात भाच्याने चार महिने ओसरीत उभ्या असलेल्या एका स्कूटरचा कार्ब्युरेटर खोलला, तेव्हा वाटीच्या तळाशी पेट्रोलच्या खाली पाण्याचा वेगळा थेंब डोळ्यांनी दिसत होता, त्याच्या कडेने पांढरट भुकटी धरली होती आणि इंधनाची नळी बोटाने दाबली तर गुळाच्या ढेपेसारखी खड्डा धरून राहत होती. रोज वापरातल्या गाडीत अशी अवस्था मी पाहिलेली नाही. उभी गाडी हाच या पेट्रोलचा शत्रू आहे, असे माझे मत झाले आहे.

म्हणून आपण पुढच्या सर्व्हिसिंगला गाडी उचलून टाकीपासून इंजिनापर्यंतचा होज पाइप, इंजेक्टरच्या ओ-रिंगा आणि टाकीच्या झाकणाचे रबर नीट पाहून घ्यावे, ओले किंवा फुगलेले दिसले तर बदलावे, आणि इथेनॉल टाकीतला जुना गाळ सुटा करते म्हणून पेट्रोलचा फिल्टरही एकदा नवा घालावा. महिनाभर गाडी उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवावी. रिकाम्या टाकीत हवा जास्त, म्हणजे ओलही जास्त.

बाटलीतल्या औषधाबद्दल विचाराल तर ते टाकीतले इथेनॉल काढू शकत नाही, गेलेली ऊर्जा परत देत नाही आणि फुगलेले रबर आक्रसून पूर्ववत करत नाही. ते पैसे होज पाइपला लावावेत.

मिरजेचा असल्यामुळे एक गोष्ट मात्र सांगितल्यावाचून राहवत नाही. २००१ साली देशात पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे पहिले प्रयोग तीन ठिकाणी झाले, त्यांतली दोन मिरज आणि मनमाड, तिसरे बरेली. तेव्हा मिश्रण पाच टक्क्यांचे होते. दहा टक्क्यांपर्यंत पोचायला २०२२ उजाडले आणि पुढचे दहा टक्के तीन वर्षांत उरकले. पंधरा वर्षे वापरायच्या गाडीला तीन वर्षांत बदललेले इंधन मिळाले, म्हणून आपल्यासारख्यांना हा प्रश्न पडतो.

आपल्या पंपावरचे मिश्रण किती हे पाहायचे असेल तर उघड्या जागी, आगीपासून दूर, १०० मिलिलिटरच्या मोजपात्रात ८० मिलिलिटर पेट्रोल आणि २० मिलिलिटर पाणी घालून हलवावे व दहा मिनिटे ठेवावे. इथेनॉल पाण्याकडे उतरते. खालचा थर वीसवरून पस्तीसच्या आसपास आला तर मिश्रण वीस टक्क्यांचे आहे. तो चाळिशीच्या वर गेला तर मात्र त्या पंपावर पुन्हा जाऊ नये आणि बिल जपून ठेवावे.