साडेचार महिन्यांची मुलगी झोपताना अंगठा चोखते. ही सवय आत्ताच मोडावी का?

नको. खरं तर उत्तर एवढंच, पण तुम्ही सासूबाईंची दात पुढे येण्याची धास्ती, हातमोजे घालणं, अंगठ्याला कडुनिंब लावणं आणि चोखणी देणं असं सगळंच विचारलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात नर्स आहे. लोक ज्याला 'काचेची पेटी' म्हणतात, तिथे माझी ड्यूटी असते.

सासूबाई विचारतात ना, 'हिला हे शिकवलं कुणी?' कुणीच नाही. ती पोटातूनच शिकून आलीय. चौथ्या महिन्याच्या सुमाराला सोनोग्राफीत बाळाचा अंगठा तोंडात दिसतो. उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टचे संशोधक पीटर हेपर यांनी पोटात अंगठा चोखताना पाहिलेल्या 75 बाळांचा पुढे ती 10 ते 12 वर्षांची झाल्यावर माग काढला. उजवा अंगठा चोखणारी 60 होती, ती सगळीच्या सगळी उजव्या हाताने काम करणारी निघाली. डावा चोखणाऱ्या 15 पैकी 10 डावखुरी झाली, 5 उजव्या हाताची.

आमच्याकडे बाळ फार लवकर जन्मलेलं असलं, की चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ त्याला जमत नाही. तो जमायला साधारण 34 वा आठवडा उजाडतो. तोवर दूध नळीने. अशा बाळाभोवती आम्ही मऊ कापडाची गुंडाळी लावतो आणि हात पसरू न देता छातीशी आणतो, म्हणजे मूठ तोंडापर्यंत पोचते. रक्तासाठी टाचेला सुई टोचली की बाळ लालबुंद होतं, पाय झाडतं, चेहरा चुरगळतो. तेवढ्यात मूठ गालाला घासली तर तोंड आपोआप त्या बाजूला वळतं. अंगठा सापडतोच असं नाही. कधी मनगट मिळतं, कधी दोन बोटं. पण एकदा का चोखायला लागलं, की कपाळावरच्या आठ्या जातात आणि मॉनिटरवरचे ठोके हळूहळू खाली येतात. त्यात आमचा कुणाचा हात नसतो, बाळ स्वतःच स्वतःला सावरतं. नळीवरच्या बाळांना आम्ही मुद्दाम आईचं दूध काढून रिकामं केलेलं स्तन नुसतं चोखायला देतो. अशी बाळं तोंडाने प्यायला लवकर लागतात आणि घरीही लवकर जातात. आम्ही ज्याची वाट बघत बसतो ते तुमची लेक फुकटात करतेय, ते मोडायचं कशाला?

मात्र एक गोष्ट आधी बघा, ती म्हणजे भूक. हात तोंडात जाणं ही भुकेची पहिली खूण असते, रडणं फार उशिराची. भुकेलेलं बाळ मूठ चोखता चोखता मान इकडेतिकडे करतं, आ वासतं, अंगठ्यातून काही येत नाही म्हणून त्याच्यावरच चिडतं. झोपेला आलेल्या बाळाची नजर कुठेतरी लागलेली असते, पापण्या जड, दुसरा हात कानाशी नाहीतर दुपट्याच्या काठाशी चाळा करत असतो. लयही वेगळी असते. दूध पिताना सेकंदाला साधारण एकदा ओढ आणि मध्ये गिळल्याचा आवाज. नुसतं चोखताना जवळजवळ दुप्पट वेग, मग थांबा, मग पुन्हा. शंका आली तर सरळ छातीशी घ्या. वजन नीट वाढतंय आणि दिवसाला सहा-सात वेळा शू होतेय, तर ती उपाशी नाही.

हातमोजे काढून ठेवा. या वयात तिला जग कळतं ते हातांनी आणि तोंडाने, आणि दोन्ही एकदम बंद करून काही साधत नाही. शिवाय मोज्याच्या आतला सुटा दोरा बोटाला गुंडाळला गेला तर बोट सुजून काळंनिळं होईपर्यंत बाहेरून दिसत नाही. ओरखडे येतात म्हणून घालत असाल तर ती झोपली असताना नखं कापा.

कडुनिंब, कोरफड आणि कुणी सुचवलीच तर मिरची: अजिबात नको. जो अंगठा तोंडात जातो तोच दोन मिनिटांनी डोळ्यात जातो.

चोखणीचं म्हणाल तर माझी फारशी शिफारस नाही. दूध पाजणं नीट बसल्यावर झोपताना ती द्यायला अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ सांगतात, कारण झोपेत अचानक दगावण्याचा धोका त्याने कमी झालेला दिसतो. पण ती उकळून ठेवायची, पडली की पुन्हा धुवायची, रात्री तीनला पांघरुणात शोधायची, हे सगळं तुमच्या गळ्यात. द्यायचीच असेल तर तिला मध मात्र लावू नका. वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून बॉट्युलिझम (जंतूंच्या विषाने स्नायू लुळे पडण्याचा आजार) होऊ शकतो, आणि तो साधासुधा आजार नव्हे.

आता दात. सासूबाईंचं म्हणणं खोटं नाही, फक्त चार-पाच वर्षं लवकर आलंय. बहुतेक मुलं दोन ते चार वर्षांच्या दरम्यान आपणहून सोडतात. पुढेही जोर लावून, तासन्‌तास चोखणं चालू राहिलं तर वरचे दात पुढे येतात, वरचे-खालचे दात मिटल्यावर मध्ये फट राहते, तोंडातली वरची टाळू अरुंद होते. सहाव्या-सातव्या वर्षी पुढचे पक्के दात येतात, त्याआधी सवय सुटली तर ती फट बऱ्याचदा आपोआप भरून येते. नुसता अंगठा तोंडात ठेवून झोपणारं मूल आणि 'चक्‌चक्' आवाज करत ओढणारं मूल यांत फार फरक आहे. (आणि घरात वडाच्या पानावरचा बालमुकुंद भिंतीवर असेल तर सासूबाईंना तो जरूर दाखवा. तो तर पायाचा अंगठा चोखतोय!)

गंमत म्हणून सांगते, न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात 1972-73 साली जन्मलेल्या हजारभर मुलांचा वर्षानुवर्षं अभ्यास झाला. अंगठा चोखणारी आणि नखंही खाणारी मुलं 13 व्या वर्षी तपासली, तेव्हा ॲलर्जीची त्वचाचाचणी 31 टक्के जणांत पॉझिटिव्ह आली. दोन्ही सवयी नसलेल्यांत 49 टक्के. दमा मात्र त्यामुळे कमी झालेला दिसला नाही, तेव्हा कुणी मुद्दाम अंगठा चोखायला शिकवू नका.

तीन वर्षांची झाली आणि दिवसाही अंगठा सुटत नसेल तर तेव्हा बोलायला लागा, तेही चारचौघांत न रागावता. कंटाळा आला की चोखते, टीव्हीसमोर चोखते, की नवीन माणूस आल्यावर, हे आधी हेरा आणि त्या वेळी हाताला काहीतरी काम द्या. गाढ झोपली की अंगठा अलगद बाहेर काढता येतो. चार ओलांडूनही तसंच चालू राहिलं तर लहान मुलांच्या दंतवैद्याला एकदा दाखवा. टाळूला तार बसवण्यापर्यंत गोष्ट फार कमी वेळा जाते.